डीव्हीडी रेकॉर्डरवर केलेली बारशाची डिस्क सांगलीत आमच्या घरी चालते, पण विट्याला मामांच्या प्लेअरवर 'नो डिस्क' येतं. असं का?

डिस्क खराब नाही, ती 'फायनलाइज' करायची राहिली आहे. ज्या रेकॉर्डरवर केलीत त्यातच परत घाला आणि सेटअपच्या डिस्क मेनूतून तेवढं उरकून घ्या. साध्या प्लेअरला डिस्क वाचायला जी माहिती लागते ती रेकॉर्डर सगळ्यात शेवटी, फायनलाइज करताना लिहितो. तोवर डिस्क फक्त त्यालाच कळते. लग्नाच्या व्हीएचएस कॅसेटी डीव्हीडीवर करून द्यायचं काम मी मिरजेत बरीच वर्षं केलं, आणि 'बिघडली' म्हणून परत आलेल्या डिस्क बहुतेक याच कारणाच्या असायच्या. करण्याआधी एवढं बघा:

- डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी डिस्क) एकदा फायनलाइज झाली की तिच्यावर पुढे काही भरता येत नाही. 4.7 जीबीच्या डिस्कवर एसपी मोडमध्ये (नेहमीच्या दर्जाचं रेकॉर्डिंग) साधारण 2 तास बसतात. जागा उरली असेल तर राहिलेलं आधी भरून घ्या. (एलपीत, म्हणजे कमी दर्जाच्या लांब रेकॉर्डिंगच्या मोडमध्ये, 4 तास बसतात, पण चित्र अगदीच पुसट होतं, माझ्या मते करू नये.)
- मध्येच लाइट गेली तर डिस्क हातची जाऊ शकते. रेकॉर्डर इन्व्हर्टरवर लावा.

मात्र डिस्क डीव्हीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) असेल आणि रेकॉर्डिंग 'व्हीआर' मोडमध्ये (रेकॉर्डरवरच काटछाट करता यावी म्हणून असलेली वेगळी पद्धत) झालं असेल, तर फायनलाइज करूनही बरेच जुने प्लेअर ती घेत नाहीत. मग 'व्हिडिओ' मोडमध्ये नवी प्रत काढावी लागेल.