डायरी लिहूनही राग तसाच राहतो, तेव्हा काय बदलायचं

भाऊ, तुम्ही लिहिलंय की चोपड्याकडे आप्पांबरोबर कृषी केंद्र चालवता, दुकानात आणि घरी पटकन भडका उडतो, रात्री उधारीच्या विचारांनी झोप लागत नाही. म्हणून दोन महिने रोज झोपताना डायरी लिहिली, तर राग आहे तो आहेच, वर स्वतःचाच तिटकारा यायला लागला. डायरीतल्या दोन ओळीही दिल्यात: ‘आज पुन्हा आप्पांवर ओरडलो. मी असाच का आहे?’

घोटाळा त्या दुसऱ्या ओळीत आहे. ‘मी असा का’ या प्रश्नाला रात्री साडेअकराला उत्तर मिळत नाही, आरोप मिळतात. एक आठवला की त्याच्याच जातीचा दुसरा आठवतो, आणि माणूस पार दहावीच्या निकालापर्यंत मागे जातो. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन संशोधिकेने वर्षानुवर्षं याच विषयावर काम केलं. मन आधीच खाली असताना असं घोळवत बसलं की उदासी लांबते, हे तिने दाखवून दिलं. १९९९ मध्ये ट्रॅपनेल आणि कॅम्पबेल यांनी स्वतःकडे बघण्याचे दोन प्रकार वेगळे मांडले. एक कुतूहलातून येतो, दुसरा धास्ती आणि खंत यांतून. वही घेऊन बसलेला माणूस बाहेरून दोन्हीकडे सारखाच दिसतो. तुमची डायरी दुसऱ्या प्रकारची झाली आहे.

दुकानाचा रोजमेळ लिहिता तसं लिहा. रोजमेळात ‘मी किती नालायक व्यापारी’ असं कुणी लिहीत नाही, तारीख आणि रक्कम लिहितं.

म्हणजे असं: खिशात मावेल अशी छोटी वही. भडका उडाला किंवा उडता उडता राहिला, की दहा-पंधरा मिनिटांच्या आत नोंद. रात्रीवर ढकलू नका. रात्रीपर्यंत मनाने गोष्ट पुन्हा रचलेली असते आणि तिच्यात तुम्ही एकतर राक्षस असता किंवा बिचारे. नोंदीत आधी वेळ आणि जागा. मग घडलं काय, पण कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच. मग अंगात काय झालं. मग त्या क्षणी मनात आलेलं वाक्य, जसंच्या तसं. मग रागाला शून्य ते शंभरपैकी आकडा. आणि शेवटी तुम्ही केलं काय. पाच-सहा ओळींच्या वर जायचं नाही.

नमुन्यादाखल एक काल्पनिक नोंद देतो. ‘दुपारी पावणेदोन, दुकान. गेल्या हंगामाची उधारी बाकी असलेला शेतकरी युरियाच्या दोन गोण्या मागतो. आप्पा म्हणाले, दे रे. जबडा घट्ट, कान गरम. मनात: यासले मनी काही किंमतच नही (यांना माझी काही किंमतच नाही). राग ७०. गोणी आपटली, सगळ्यांसमोर आप्पांना बोललो.’

मनातलं वाक्य अहिराणीत आलं असेल तर अहिराणीतच लिहा. पुस्तकी मराठीत नीटनेटकं करायला गेलात की त्यातली धग निघून जाते आणि पुढच्या कामाला ते वाक्य निरुपयोगी होतं. दुसरी नेहमीची गडबड घटनेच्या ओळीत होते. ‘आप्पांनी नेहमीप्रमाणे अपमान केला’ ही घटना नव्हे, हा तुमचा निकाल. आप्पा ‘दे रे’ म्हणाले, एवढीच घटना.

दिवसाला जास्तीत जास्त दोन नोंदी, दोन आठवडे. या दोन आठवड्यांत काहीही सुधारायचं नाही, ही अट पाळणं सगळ्यात जड जातं. आणखी एक गोष्ट बहुतेक जण गाळतात: तसाच प्रसंग आला पण राग आला नाही, त्याचीही नोंद हवी. तोच शेतकरी, तीच उधारी, तेच आप्पा, पण सकाळी दहाला तुम्ही हसून विषय टाळलात. भडक्याच्या दहा नोंदींतून जे कळत नाही ते या एका नोंदीतून कळू शकतं.

पंधरा दिवसांनी दुकान बंद असेल त्या दिवशी सगळ्या नोंदी एकदम वाचा. आधी फक्त वेळा बघा. तुम्ही सांगितलेल्या दिनक्रमावरून माझा अंदाज असा की बऱ्याच नोंदी दुपारी एक ते चारमधल्या निघतील. सकाळपासून चार-पाच कप चहा, जेवण तीनला, तेही गिऱ्हाईक नसलं तर. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ वर, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत तापलेला, गच्चीवर एकच्या सुमारास डोळा लागतो आणि नळाला पाणी येतं म्हणून साडेपाचला उठावं लागतं. चार-साडेचार तासांच्या झोपेवर, उपाशीपोटी, उकाड्यात कोणीही खेकसेल. लोक याला ‘माझा स्वभावच तापट’ असं नाव देऊन मोकळे होतात आणि स्वभाव बदलायला निघतात. आधी डबा एक वाजता उघडा, गिऱ्हाईक उभं असलं तरी. दहा मिनिटं आप्पा गल्ल्यावर बसतील. शेवटचा चहा चारच्या आत, कारण कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात आणि सातच्या चहातलं निम्मं कॅफीन रात्री बारालाही शिल्लक असतं. दुपारी वीस मिनिटं पडता आलं तर पडा, पण तासभर झोपलात तर रात्रीची झोप आणखी पुढे जाईल. हे सगळं फारच साधं वाटतं म्हणून कुणी करत नाही.

त्यानंतर मनातली वाक्यं बघा. पंधरा दिवसांत वीसेक नोंदी असतील, पण वाक्यं बहुधा दोन-तीनच असतात, वेगवेगळे कपडे घालून आलेली. ‘यांना माझी किंमत नाही’ हे बायको जेवताना मोबाइल बघते तेव्हाही येतं आणि कंपनीचा माणूस खताबरोबर नको असलेला माल गळ्यात मारतो तेव्हाही. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडायला सुरुवात केली, तिचा गाभा हाच: प्रसंग आणि भावना यांच्या मध्ये आपलं एक वाक्य असतं, आणि फार तापलेल्या वाक्यात बहुतेक वेळा एक ‘च’ लपलेला असतो. त्यांनी माझं ऐकलंच पाहिजे. उधारी वेळेवर आलीच पाहिजे.

आता त्या वाक्याची तपासणी. ते खरं असल्याचा पुरावा काय, नसल्याचा काय, आणि आप्पांच्या ‘दे रे’चा दुसरा अर्थ काय असू शकतो? तो शेतकरी कदाचित त्यांच्याकडे तीस वर्षं येत असेल आणि समोरचं दुकान आता त्याला ओढत असेल. मग जुन्याच्या जागी नवं वाक्य लिहायचं. इथे लोक हमखास घसरतात: ‘आप्पांना माझी खूप किंमत आहे, मी शांत आहे, मी आनंदी आहे.’ मनाला हे पटत नाही आणि न पटलेलं वाक्य कितीदाही घोका, राग उतरत नाही. पटेल असं लिहा. ‘आप्पा गिऱ्हाईक सांभाळताहेत. उधारीचा आकडा किती झालाय हे मी त्यांना कधी नीट दाखवलेलं नाही.’ हे वाचून रागाचा आकडा पुन्हा द्या. सत्तरचा पंचेचाळीस झाला तरी काम झालं. शून्याच्या मागे लागू नका.

आणि कधी कधी तपासणीत वाक्य खरं निघतं, हेही सांगायला हवं. उधारी खरोखर हाताबाहेर गेली असेल, तर राग बरोबर जागी बोट ठेवतोय. तिथे श्वास मोजत बसणं म्हणजे दुखणं झाकणं. सकाळी शटर उघडल्यावर, गिऱ्हाईक यायच्या आत, वही घेऊन आप्पांपुढे बसा आणि एकच नियम ठरवा. उदाहरणार्थ, मागची निम्मी बाकी आल्याशिवाय नवी उधारी नाही, आणि अपवाद करायचा तर तो दोघांनी मिळून. गिऱ्हाइकासमोर एकमेकांचा शब्द मोडायचा नाही. मन शांत करण्याच्या नादात लोक असे निर्णय वर्षानुवर्षं टाळतात, आणि मला ते रागापेक्षा जास्त घातक वाटतं.

प्रत्यक्ष भडक्याच्या क्षणी काय? तिथे विचार चालत नाही, आधी ठरवलेली हालचाल चालते. पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये ‘जर-तर’ ठरावांबद्दल लिहिलं: ‘मी शांत राहीन’ यापेक्षा ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ हे कितीतरी जास्त वेळा पाळलं जातं. तुमची पहिली खूण नोंदींतच सापडेल, समजा कान गरम होणं. मग ठराव असा: कान गरम झाले की बिलबुक खाली ठेवायचं, मागे गोदामाच्या दारापर्यंत जायचं, पाणी प्यायचं, परत यायचं. मिनिटाभरात होणारं, अंग हलवणारं आणि गिऱ्हाइकाला न खटकणारं काहीही चालेल. जाताना मनात नाव घ्या: ‘राग, सत्तर.’ मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांच्या २००७ च्या प्रयोगात भावनेला नाव दिल्यावर मेंदूतल्या अमिग्डला या धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची हालचाल कमी झालेली दिसली.

श्वासाचा सराव मात्र शांत असताना करायचा, सकाळ-संध्याकाळ पाच मिनिटं. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, म्हणजे मिनिटाला सहा श्वास. पहिल्यांदाच रागात करून बघाल तर जमणार नाही आणि ‘हे आपल्याला लागू होत नाही’ म्हणून सोडून द्याल. श्वास हळू हवा, मोठा नको. छाती फुगवून जोरजोरात घेतला तर कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घाबरायला होतं. त्यांनी पाय जमिनीला टेकलेत तिथे लक्ष द्यावं आणि समोरच्या पाच वस्तूंची नावं मनात घ्यावीत.

रात्रीच्या विचारांसाठी वेगळी युक्ती. थॉमस बोर्कोवेक यांच्या गटाने १९८३ मध्ये ती तपासली: काळजीला रोज ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा द्यायची, अर्धा तास. दुकान आठला बंद होत असेल तर साडेआठ ते नऊ, ओट्यावर. अंथरुणात अजिबात नाही. कागदाच्या मध्ये रेघ मारा. एका बाजूला उद्या काही करता येईल ते, दुसऱ्या बाजूला न करता येणारं. पाऊस कधी येईल, कापसाला काय भाव निघेल, हे दुसऱ्या बाजूला. रात्री विचार आला तर चिठ्ठीवर एक शब्द लिहायचा, ‘उद्या साडेआठ’ म्हणायचं आणि कूस बदलायची. पहिला आठवडा विचार ऐकणार नाहीत. तरी वेळ बदलू नका.

रोज किती दिवस करायचं, हे विचारलंत. एकवीस दिवसांत सवय लागते, ही ऐकीव गोष्ट विसरा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर केलेल्या, २०१० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागलेले दिसले, आणि माणसागणिक हा आकडा १८ ते २५४ इतका पसरलेला होता. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही. म्हणून एका वेळी एकच सवय, आणि ती रोज होणाऱ्या एखाद्या कामाला बांधलेली: शटर उघडून अगरबत्ती लावली की लगेच श्वासाची पाच मिनिटं. खरिपाच्या पेरणीची गर्दी सुरू झाल्यावर नवं काही सुरू करू नका; त्या पंधरवड्यात फक्त डब्याची वेळ सांभाळली तरी पुष्कळ.

घरच्यांची मदत घेता येते, पण प्रश्न नेमका हवा. ‘मी कसा आहे’ असं बायकोला विचारलंत तर एकतर भांडण होईल किंवा खोटं उत्तर मिळेल. ‘या आठवड्यात मी चिडणार हे तुला आधी कशावरून कळलं?’ असं विचारा, आणि उत्तरावर फक्त ‘बरं’ म्हणा. खुलासा सुरू केलात की पुढच्या वेळी ती सांगणार नाही. वही मात्र कुणाला दाखवू नका. एकत्र कुटुंबात वही कुणी वाचेल ही धास्ती असली की माणूस वाचणाऱ्यासाठी लिहायला लागतो. खुणा वापरा, नावं नकोत.

इथे खाली प्रतिक्रियांमध्ये कोणीतरी इगतपुरीचं दहा दिवसांचं विपश्यना शिबिर सुचवेलच. ते चांगलं आहे, पण साडेचार तास झोपणाऱ्याने आधी झोप सुधारावी, मग जावं.

वहीने भागणार नाही अशी वेळ ओळखायची कशी, तेही लिहून ठेवतो. सलग दोन आठवडे दिवसाचा बहुतेक वेळ उदास, कशातच रस नाही, भूक किंवा झोप पार बिघडलेली, असं असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत ही सोय आहे. थायरॉइड आणि साखर एकदा तपासून घ्या. ‘जगून काय करायचं’ असा विचार एकदाही आला, तर त्याच दिवशी कीटकनाशकांच्या गोदामाची किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे द्या आणि १४४१६ वर फोन करा. ही टेली-मानस सेवा सरकारची आहे, ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, मोफत आणि चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. दुकानात विष हाताशी असताना ‘बघू उद्या’ म्हणायची सोय नसते. रागात घरात हात उचलला जात असेल तरीही थेट तज्ज्ञांकडेच जा, पंधरा दिवसांच्या नोंदींची वाट बघू नका.

ॲप वापरू का वही, असं शेवटी विचारलंत. वही. नोंद करायला मोबाइल उघडला की तालुक्याच्या ग्रुपवरचे पंचेचाळीस मेसेज आधी दिसतात आणि दहा मिनिटांनी नोंद राहून गेलेली असते. पाच-दहा रुपयांची, वरून उलटणारी खिशातली वही घ्या आणि पेन दोरीने तिलाच बांधून टाका, कारण दुकानात पेन जागेवर राहत नाही.