करार सात वर्षांचा, पगार चाळीस आठवड्यांचा

जुन्या हॉलिवूडमध्ये नटनट्यांशी सात वर्षांचा करार होत असे म्हणतात. म्हणजे सात वर्षं नोकरी पक्की! मग तक्रार कसली? – एक वाचक, सातारा

पक्की होती, पण एकाच बाजूने. दर सहा महिन्यांनी किंवा वर्षाने करारात ‘ऑप्शन’ यायचा आणि तो फक्त स्टुडिओच्या हातात. माणूस हवा असेल तर ठरलेली पगारवाढ देऊन ठेवायचा, नको असेल तर नारळ द्यायचा. नटाला मात्र मधेच सोडून जायची सोय नाही. त्यातून वर्षाच्या ५२ आठवड्यांपैकी पगारी साधारण ४०च. उरलेले १२ घरी बसा, पण दुसऱ्याकडे काम करू नका.

भूमिका पटली नाही तर नाकारता येत नसे का? – एक वाचक, ठाणे

खुशाल नाकारा, मग बिनपगारी निलंबन. खरी मेख पुढे आहे. निलंबनाचे दिवस स्टुडिओ खाड्यात धरी आणि ते खाडे कराराच्या शेपटाला जोडी. सात वर्षांची नऊ व्हायला वेळ लागत नसे.

ऑलिव्हिया डी हॅविलँड यांची वॉर्नर ब्रदर्सकडची सात वर्षं १९४३ मध्ये भरली, तेव्हा स्टुडिओने सुमारे सहा महिन्यांचे खाडे पुढे केले. बाई कोर्टात गेल्या. व्यक्तिगत सेवेचा करार सात वर्षांपलीकडे लादता येणार नाही, हे कॅलिफोर्नियाच्या कायद्यात आधीपासूनच होतं. भांडण एवढंच, की वर्षं मोजायची कशी? स्टुडिओचं म्हणणं, प्रत्यक्ष कामाची. कोर्टाचं म्हणणं, कॅलेंडरची. डिसेंबर १९४४ मध्ये अपिलातही तेच कायम झालं. खटला चालू असताना त्यांना जवळपास दोन वर्षं काम मिळालं नाही, हेही विसरू नका. निकाल चार ओळींत सांगून होतो, ती दोन वर्षं कशी काढली असतील ते त्यांनाच ठाऊक. पुढे १९४६ च्या चित्रपटासाठी त्यांना ऑस्कर मिळालं.

मग बेटी डेव्हिस का हरल्या? – एक वाचक, नागपूर

त्याही वॉर्नर ब्रदर्सच्याच नटी. त्या १९३६ मध्ये करार चालू असतानाच इंग्लंडला गेल्या आणि तिथल्या निर्मात्याकडे काम करायला निघाल्या. मुदत संपलेली नव्हती, हाच मोठा फरक. इंग्लिश कोर्टाने सांगितलं, की बाईंना वॉर्नरसाठी अभिनय करायला आम्ही भाग पाडणार नाही, पण दुसऱ्याकडे करू देणार नाही. या तत्त्वाचं मूळ १८५२ च्या एका ऑपेरा गायिकेच्या खटल्यात आहे, आणि आपल्याकडे १८७७ च्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमध्ये ते चक्क उदाहरण म्हणून दिलं होतं: बारा महिने एकाच थिएटरात गायचं कबूल केलेल्याला गायला लावता येत नाही, दुसरीकडे गाण्यापासून मात्र रोखता येतं. पोटासाठी शेवटी माणूस परत येतोच. डेव्हिसही परत आल्या.

नट ‘उसने’ दिले जात, हे खरं का? – एक वाचक, पणजी

अगदी खरं. नट क्लार्क गेबल एमजीएम स्टुडिओचे. कोलंबिया स्टुडिओने त्यांना एका विनोदी चित्रपटासाठी उसने घेतले आणि १९३४ च्या त्याच भूमिकेसाठी त्यांना ऑस्कर मिळालं. उसन्या नटासाठी दुसरा स्टुडिओ जास्त पैसे मोजत असला, तरी नटाच्या हाती आपला ठरलेलाच पगार. वरची मलई मालकाची.

आपल्याकडे कुणी असं भांडलं का? – एक वाचक, पुणे

तुमच्याच गावात, आणि तेही कोर्टाची पायरी न चढता. आपल्याकडेही तेव्हा नटनट्या कंपनीच्या पगारी नोकर असत. गुरुदत्तसुद्धा १९४४ मध्ये तीन वर्षांच्या करारावर प्रभातमध्ये लागले. त्याआधी, १९३९ मध्ये, शांता आपटे कराराच्या वादातून प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या होत्या. ‘कुंकू’ची नायिका, नाव घराघरात, आणि बसली कुठे, तर स्वतःच्याच कंपनीच्या दारात! लोकांना तो तमाशा वाटला असेल. मला मात्र त्यात हिशेब दिसतो: पडद्यावरचा ओळखीचा चेहरा रस्त्यावर उपाशी बसला, की कंपनीला तो झाकता येत नाही. पुढच्या वर्षी त्यांनी पुस्तकही लिहिलं. नाव ठेवलं ‘जाऊ मी सिनेमात?’ प्रश्नचिन्ह त्यांचंच आहे.