आइस हॉकीपटू बॉबी ऑर एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) फक्त ६५७ सामने खेळला, तरी त्याला सर्वकालीन सर्वोत्तमांत का धरतात?

कारण तो बचावपटू होता, आणि आकडे आघाडीवीराचे काढायचा. ६५७ सामन्यांत २७० गोल आणि ६४५ असिस्ट (गोलसाठी दिलेले पास), म्हणजे ९१५ गुण. १९६९-७० आणि १९७४-७५ या दोन हंगामांत तो लीगमध्ये सर्वाधिक गुण मिळवणारा खेळाडू ठरला. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही बचावपटूला हे एकदाही जमलेलं नाही.

त्याआधी बचावपटूचं काम साधं होतं: पक (बर्फावर सरकणारी रबरी चकती) अडवायचा, पुढच्याला द्यायचा, मागे थांबायचं. ऑर पक स्वतःच घेऊन प्रतिस्पर्धी गोलपर्यंत जायचा, आणि चाल फसली तर वेगाच्या जोरावर परत जागेवर हजर. नुसते गोल मोजू नका, प्लस-मायनस बघा. खेळाडू बर्फावर असताना संघाने केलेले गोल वजा खाल्लेले गोल (पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरच्या संघाचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना केलेले गोल यात धरत नाहीत). १९७०-७१ मध्ये त्याचा आकडा होता +१२४. तो विक्रम अजून अबाधित आहे.

१९७० च्या स्टॅन्ली कपचा, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाचा, निर्णायक गोलही त्याचाच, ओव्हरटाइमच्या ४० व्या सेकंदाला. हवेत आडवा झालेल्या ऑरचा तो प्रसिद्ध फोटो याच गोलचा.

घात केला डाव्या गुडघ्याने. वारंवार शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७६ मध्ये बॉस्टनचा संघ सोडून शिकागोच्या संघात गेल्यावर जेमतेम २६ सामने झाले. १९७८ मध्ये निवृत्ती, वय अवघं ३०.