‘ममी’ आणि ‘मसाला भरलेले प्रेत’

‘ममी’ हा शब्द मूळचा इजिप्तचाच आहे का आणि मराठीत त्याऐवजी ‘मसाला भरलेले प्रेत’ असे लिहावे का, असे दोन प्रश्न एका वाचकाने विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. प्राचीन इजिप्तचे लोक अशा जतन केलेल्या मृतदेहाला ‘साह’ म्हणत. ‘ममी’चे मूळ फारसीत आहे : ‘मूम’ म्हणजे मेण आणि त्यावरून ‘मूमिया’ म्हणजे इराणातील खडकांतून पाझरणारे, औषधी मानले गेलेले डांबर. हा शब्द अरबीत गेला. जतन केलेल्या प्रेतांवरचा काळा थर या डांबरासारखाच दिसत असल्याने तोही ‘मूमिया’ म्हणून विकला जाऊ लागला, इ.स. १२०० च्या सुमारास इजिप्तमध्ये राहिलेल्या अब्दुल लतीफ अल-बगदादी या हकिमाने तर खनिज मूमिया न मिळाल्यास प्रेतातला वापरता येतो, असेच लिहून ठेवले आहे. पुढे लॅटिनमार्गे युरोपात औषधाचे हे नाव प्रेतालाच चिकटले. (आईला हाक मारण्याच्या ‘मम्मी’शी त्याचे काही नाते नाही.)

तो थर निव्वळ डांबराचा नव्हे, हे उत्खननांतून स्पष्ट झाले आहे. इजिप्तमधील सक्कारा येथे २०१६ मध्ये इ.स.पू. सातव्या-सहाव्या शतकांतील, देह टिकवण्याची एक कार्यशाळा सापडली. तेथील ३१ भांड्यांतील अवशेषांचे रासायनिक विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मृत समुद्राच्या डांबराबरोबरच देवदाराचे तेल, प्राण्यांची चरबी, मधमाश्यांचे मेण आणि थेट आग्नेय आशियातील जंगलांतून आलेली राळ त्यांत आढळली. भांड्यांवर पदार्थांची नावेही लिहिलेली असल्याने शब्दकोशांनाच धक्का बसला : ‘अंतिऊ’ म्हणजे हिराबोळ (एक सुगंधी डिंक), असे अभ्यासक आजवर मानत आले होते, या भांड्यांत मात्र त्या नावाखाली देवदार वगैरेंची तेले आणि चरबी यांचे मिश्रण निघाले.

‘मसाला’ हा शब्द अगदीच निराधार नाही, कारण पोटात हिराबोळ व सुगंधी द्रव्ये भरत असल्याचे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहिले आहे आणि इजिप्तचा राजा दुसरा रामसेस याच्या नाकपुड्यांत चक्क मिरे सापडले आहेत. तरीही देह टिकतो तो मुख्यतः नेट्रॉन या क्षाराने त्यातील पाणी शोषून घेतल्यामुळे, आणि ‘मसाला भरलेले’ म्हटल्यावर नेमके हेच कळत नाही. म्हणून ‘ममी’ हाच शब्द स्त्रीलिंगी ठेवून वापरावा. प्रक्रियेला ‘ममीकरण’ म्हणता येते. अनेकवचनही ‘ममी’च असावे, ‘ममीज’ नको.