बॅन्डसॉचं ब्लेड सारखं तुटतंय? आधी तुटलेलं टोक बघा

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) पाच जणांची मिळून शेड, एकच आडवा बॅन्डसॉ (अखंड पट्टीच्या ब्लेडची धातू कापायची करवत), ३४ मिमी रुंदीचं बायमेटल (लवचिक पाठ, कडक स्टीलचे दाते) ब्लेड महिनाभरही टिकत नाही, कट तिरका येतोय आणि दुकानदार म्हणतो अजून भारी ब्लेड घ्या. माझं स्पष्ट मत आहे की सध्या ब्लेडवर एक रुपयाही घालू नका. ब्लेड का तुटलं ते तुटलेल्या टोकावरच दिसतं, आणि आपल्याकडे तेच टोक सगळ्यात आधी भंगारात जातं.

मेन स्विच बंद करा, तुकडा चिंधीने पुसा आणि उजेडात धरून चीर कुठून सुरू झालीय ते बघा. सांध्यावरच तुटलं असेल तर वेल्डिंग नाहीतर वेल्डिंगनंतरचं अनीलिंग (सांधा तापवून नरम करणं) कच्चं आहे, ब्लेड जोडून देणाऱ्याला तो तुकडा दाखवा. पाठीकडून चिरा असतील तर वरचं बॅकिंग पॅड (ब्लेडच्या पाठीला टेकू देणारं) झिजून खड्डा पडलाय, किंवा ब्लेडची पाठ चाकाच्या कॉलरला घासतेय, किंवा कोणीतरी फीड (ब्लेड मालात उतरवायचा वेग) दाबून मारतंय. दात्यांच्या मुळातून चिरा असतील तर ते थकून तुटलंय, तिथे टेन्शन (ब्लेडचा ताण) आणि फीड तपासा.

तिरक्या कटसाठी गुण्या घ्या आणि कापलेल्या तोंडाला दोन्ही बाजूंनी लावा. आडवा फरक दिसला तर वाईसचा (जॉब पकडणाऱ्या शिकंज्याचा) जबडा ब्लेडशी काटकोनात नाही, तो लावून घ्या, काम संपलं. वरून खाली फरक असेल तर मात्र ब्लेड कलतंय. नवीन ब्लेडवरही पहिल्या कटपासून तेवढाच तिरका येत असेल तर गाईडच्या (ब्लेड सरळ धरणाऱ्या भागाच्या) कार्बाइड पॅड झिजल्यात किंवा गाईड सरकलाय, आणि सुरुवातीला सरळ येऊन नंतर हळूहळू बिघडत असेल तर दाते एका बाजूने बोथट झालेत, बहुतेक वेळा ब्लेड जबड्याला घासल्यामुळे, मग कट धारदार बाजूकडे ओढला जातो.

सामायिक मशीनवर हमखास होणारी गोष्ट म्हणजे सरकता गाईड आर्म. एकाने २०० मिमीचा बार कापला, आर्म पूर्ण उघडा ठेवून गेला, मागून दुसऱ्याने तसाच ५० चा राऊंड लावला, मग मधलं ब्लेड मोकळं लवतं आणि टेन्शन कितीही द्या कट वाकडाच येणार. आर्म दर जॉबला जॉबच्या जवळ आणायचा, हे मशीनवर पेंटने लिहूनच टाका.

आता खरा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की ३ मिमी जाडीचा पाइप, ईएन ८ चा (मध्यम कार्बन स्टीलचा) १०० मिमी राऊंड आणि ३०४ स्टेनलेस सगळं एकाच ब्लेडवर. निदान तीन दाते मालात हवेत, हा नियम. ३/४ चं (इंचाला ३ ते ४ दाते) ब्लेड १०० च्या भरीव बारला छान चालतं पण पातळ पाइपवर एकेक दाता काठाला आपटतो आणि उडतो, पाइपला १०/१४ लागतं. दोन ब्लेड वेगळी ठेवाच, जमल्यास स्टेनलेसला तिसरं. स्टेनलेसला बायमेटलचा स्पीड मिनिटाला साधारण ३० मीटर, एमएसला (माइल्ड स्टीलला) त्याच्या दुप्पट चालतो. आणि स्टेनलेसवर फीड घाबरत देऊ नका, दाते नुसते घासत राहिले की वरचा थर कडक होतो आणि पुढचा दाता तिथेच मरतो.

चिपकडे (कापताना निघणाऱ्या किसाकडे) बघायची सवय सगळ्यांना लावा. एमएसला सैल, गुंडाळलेली, चांदीसारखी चिप म्हणजे सगळं ठीक. पावडर पडतेय तर फीड कमी आहे, निळी पडतेय तर स्पीड नाहीतर फीड जास्त. चिप दात्यांच्या खाचेत अडकून परत आत जात असेल तर वायर ब्रश झिजलाय, त्याच्या तारा खाचेच्या तळापर्यंत पोचायला हव्यात, स्वस्त गोष्ट आहे, वेळेवर बदला.

नवीन ब्लेड चढवलं की स्पीड नेहमीचा पण पहिली १०-१५ मिनिटं फीड निम्मं, मग हळूहळू वाढवा. अर्धवट राहिलेल्या जुन्या खाचेत नवीन ब्लेड कधीच घालू नका, जुनी खाच अरुंद असते, ते अडकून जातं. जॉब फिरवून दुसरीकडून सुरू करा. ब्लेड हाताळताना चामड्याचे ग्लोव्ह्ज, मशीन चालू असताना मात्र ग्लोव्ह्ज अजिबात नाहीत.

कुलंट (कापताना ब्लेड थंड ठेवणारं तेल-पाणी): ८ ते १० टक्के तेल, पाण्यात तेल घालायचं, तेलात पाणी नाही. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी उडून मिश्रण घट्ट होतं, म्हणून टॉप-अप पातळ मिश्रणाने करा आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रणाचं प्रमाण दाखवणाऱ्या साधनावर) बघा. बोअरचं जड पाणी असेल तर वर साय येते. दिवाळीत शेड बंद झाली की लाभपाचमेला उघडताना टाकीतून सडका वास येतो ना, तो वरच्या तेलकट थराने हवा अडल्यामुळे, त्यामुळे सुट्टीआधी टाकी उपसा, तळाचा चिपचा गाळ काढा, आणि ब्लेडचं टेन्शन सैल करून जा. गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिकच्या तेलाची पातळी त्याच दिवशी बघून घ्या.

पाच जणांत एकाला मशीनचा माणूस नेमा आणि शेजारी वही लटकवा, कोणी काय कापलं, कुठलं ब्लेड, कधी बदललं. कुठल्या मालावर ब्लेड जातंय हे वहीतूनच कळेल, भांडणही होणार नाही. आता तुटलेल्या टोकाचा जवळून फोटो टाका, पाठ आणि दाते दोन्ही दिसतील असा, आणि बॅकिंग पॅडचाही टाका, बघून सांगतो.