रेसमधलं काही कळत नसताना रेसवरच्या जुन्या रहस्यकथा कुठून वाचायला घ्याव्यात?

रेसमधलं ओ की ठो कळत नाही, तरी जुन्या इंग्रजी रेस-रहस्यकथा झेपतील का आणि सुरुवात होम्सच्या ‘सिल्व्हर ब्लेझ’पासून करावी का, असं तुम्ही विचारलंय. झेपतील की! पण सुरुवात डिक फ्रान्सिसपासून करा.

‘सिल्व्हर ब्लेझ’ (1892) मलाही आवडते. रात्री कुत्रा भुंकला नाही, एवढ्यावरून माणूस ओळखायचा, हे अफलातूनच. पण रेस त्यात नावापुरती. मालकाला अंधारात ठेवून, कपाळावरचा पांढरा पट्टा रंगाने लपवलेला घोडा होम्स बिनधास्त पळू देतो. रेसचे नियम पाळले जातात का ते बघणारा कुठला स्टुअर्ड हे खपवून घेईल? रेसबद्दलचं आपलं अज्ञान या कथेत उघडं पडलं, हे खुद्द कॉनन डॉयलनेच पुढे आत्मचरित्रात कबूल केलंय.

फ्रान्सिस मात्र आतला माणूस. 1953-54 च्या हंगामातला ब्रिटनचा चॅम्पियन जॉकी. 1956 च्या ग्रँड नॅशनल या कुंपणांवरच्या शर्यतीत ब्रिटनच्या राजमातेच्या डेव्हन लॉक या घोड्यावर तो सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचं कुंपणही मागे पडलं होतं, आणि विनिंग पोस्ट अगदी समोर असताना घोड्याने एकाएकी पोटावर बसकण मारली. का, ते आजवर कुणाला खात्रीने सांगता आलेलं नाही.

त्याची पहिली कादंबरी ‘डेड सर्ट’, 1962 ची. आपल्याला महालक्ष्मीच्या नाहीतर पुण्याच्या सपाट शर्यती माहीत. इथे घोडे कुंपणांवरून उड्या टाकत पळतात. जॉकी पडणं रोजचंच, आणि खुनी त्याचाच फायदा उठवतो. कुंपणावर एक तार ताणली की जिंकणारा घोडासुद्धा कोसळतो आणि बघणाऱ्यांना तो निव्वळ अपघात वाटतो.

तरी आधी ‘नर्व्ह’ (1964) घ्या. पहिल्याच वाक्यात एक जॉकी भर पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणात, स्वतःला गोळी घालून घेतो. मग कुजबुज सुरू होते: अमका वेळेवर येत नाही, तमक्याने पडल्यापासून हाय खाल्लीय. जॉकीला राइडमागे पैसे मिळतात, त्यामुळे ट्रेनरने घोडे देणं थांबवलं की त्याचा खेळ खलास. हत्याराला हात न लावता माणूस संपवायची ही तऱ्हा मला तारेपेक्षा जास्त भयंकर वाटते.

एडगर वॉलेसचा, कुठला घोडा जिंकेल याच्या टिपा विकणारा ‘एज्युकेटेड इव्हान्स’ मागाहून, हसायला म्हणून वाचा. वॉलेसने स्वतः रेसवर बक्कळ पैसा घालवला होता, त्यामुळे हरणाऱ्यांची बडबड त्याला झकास जमते.