मोबाइलवर रिअ‍ॅक्शन टाइम (काही दिसल्यापासून प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ) ३१० मिलिसेकंद येतो, पडणारी पट्टी पकडून मोजला तर २०० च्या आसपास. खरं काय मानायचं?

पट्टीवर जास्त भरवसा ठेवा. मोबाइलच्या आकड्यात तुमच्याबरोबर फोनचाही उशीर धरला जातो. ६० हर्ट्झचा स्क्रीन दर १६.७ मिलिसेकंदांनीच बदलतो, टच ओळखायला लागणारा वेळ वेगळा. त्याच फोनवर स्वतःची कालची-आजची तुलना करा, मित्राच्या फोनशी नको.

पट्टीतही चुका होतात म्हणा. ३० सेंमीची पट्टी दुसऱ्याने वरून धरायची, शून्य तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये. बोटं पट्टीला टेकलेली नकोत, कारण स्पर्शाला माणूस नजरेपेक्षा लवकर प्रतिसाद देतो. मनगट टेबलाच्या कडेवर ठेवा, नाहीतर हात नकळत पट्टीमागे खाली जातो. आणि सोडणाऱ्याने 'एक, दोन, तीन' अजिबात म्हणायचं नाही. मग मोजला जातो तो तुमचा अंदाज! धावण्याच्या शर्यतीत बंदुकीनंतर ०.१ सेकंदाच्या आत निघालेला फॉल्स स्टार्ट धरतात तो यासाठीच.

जिथे पकडली ते अंतर मीटरमध्ये घ्या, दुप्पट करा, ९.८ ने भागा, वर्गमूळ काढा. १५ सेंमीला ०.१७५ सेकंद, २० ला ०.२०२. सरावाचे दोन-तीन सोडून अकरा वेळा करा, आकडे चढत्या क्रमाने लावून सहावा घ्या. सरासरी नको, एकदा लक्ष उडालं तरी ती बिघडते.

हा साधा प्रतिसाद झाला. 'लाल दिसला तर डावा हात, हिरवा दिसला तर उजवा' असं केलंत की वेळ वाढणारच. डच शास्त्रज्ञ डॉन्डर्स यांनी हा फरक १८६८ मध्येच मोजला होता.